घाटालच्या पुराची फाईल सांभाळणाऱ्यांना एका गलाईवाल्याचं खुलं पत्र

घाटाल, जिल्हा पश्चिम मेदिनीपूर, पश्चिम बंगाल
कार्तिक पौर्णिमा, २०२५

प्रति,
घाटाल मास्टर प्लॅन, म्हणजे इथला पूर आवरायचा सरकारी आराखडा, ज्यांच्या सहीनं पुढं सरकतो किंवा अडून राहतो, ते राज्य आणि केंद्र सरकारचे सर्व अधिकारी व लोकप्रतिनिधी यांस

विषय : घाटाल शहरातला पूर आणि तुमच्या फॉर्मात न बसणारं नुकसान

महोदय,

मी मूळचा सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला, विट्याजवळच्या एका वाडीचा. धंदा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करून द्यायचा. आमच्या भागात पाऊस कमी, शेती बेभरवशाची, म्हणून घरटी एखादा तरी पोरगा गलाईला बाहेर पडतो. कुणी केरळात, कुणी पंजाबात, कुणी आसामात. मी १९९८ साली मामाचं बोट धरून इथं आलो, तेव्हा मिसरूड फुटत होतं. आज सत्तावीस वर्षं झाली. लग्न गावाकडं झालं, दोन्ही पोरं मात्र इथं जन्मली आणि इथल्या शाळेत शिकली. गल्लीत मला 'मराठीदा' म्हणतात.

दिवसभर तोंडात बंगालीच असते, पण लिहायला बसलो की हात मराठीतच चालतो. या पत्राची बंगाली प्रत मुलगी करून देणार आहे आणि तुमच्या टपालात तीच पडेल. मराठी प्रत चारचौघांत ठेवतोय, कारण आपल्याकडच्या लोकांना घाटाल हे नावही ठाऊक नाही. मुंबईच्या झवेरी बाजारात जिन्याजिन्यांवरच्या खोल्यांत मान खाली घालून काम करणारे बंगाली कारागीर सगळ्यांनी पाहिलेत. त्यातले कितीतरी याच घाटाल आणि शेजारच्या दासपूर भागातले. पुण्या-मुंबईच्या पेढीवरून घेतलेल्या दागिन्यावर अशाच एखाद्या पोराची कानस फिरलेली असते, आणि त्याची म्हातारी आई पावसाळ्यात इथं माळ्यावर बसून पाणी उतरायची वाट बघत असते.

आधी गाव सांगतो, म्हणजे गाऱ्हाणं कळेल.

घाटाल हे महकुमा म्हणजे उपविभागाचं ठिकाण. नगरपालिका १८६९ ची, वॉर्ड सतरा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ५४ हजारांच्या वर होती, त्यानंतर मोजणीच झालेली नाही. गावाच्या मधून शिलावती वाहते, इथले लोक तिला लाडानं शिलाई म्हणतात. पुरुलियाच्या माळावर उगम, मग बांकुडा, मग गडबेत्याजवळचं गनगनी. तिथं तांबड्या मातीचे उभे कडे पाण्यानं कापून काढलेत, लोक सहलीला जाऊन फोटो काढतात. वरच्या भागातून नदी असा गाळ घेऊन येते आणि तो आमच्या दारात बसतो. घाटालच्या खाली शिलावती द्वारकेश्वराला मिळते, दोघींची मिळून रूपनारायण होते आणि ती पुढं हुगळीत जाते. हुगळीतून समुद्राची भरती रूपनारायणात चढते. म्हणजे वरून पुरुलिया-बांकुड्याचं पाणी आणि खालून भरतीचं, अशा दोन पाण्यांच्या मध्ये आम्ही. त्यात दामोदरचं पाणी मुंडेश्वरीतून रूपनारायणात उतरलं, की शिलाईला पुढं जायला वाटच राहत नाही. ती मागं फिरते आणि गावात येते.

नकाशावर हे कळत नाही. शिलाईच्या बांधावर उभं राहून एकदा नदीकडं आणि एकदा गावाकडं बघा. पुराच्या दिवसांत नदीतलं पाणी उजव्या हाताला छातीशी आणि डाव्या हाताची घरं पायाखाली, असं दिसतं. जुन्या जमीनदारांनी आपापली शेतं वाचवायला बांध घातले. आधी गाळ पुराबरोबर शेतांवर पसरायचा, बांध झाल्यावर तो नदीतच साचत गेला. पात्र वर आलं आणि गाव खाली राहिलं. पश्चिमेकडचे वॉर्ड म्हणजे तर परातच. पाणी आत आलं, की पंधरा-पंधरा दिवस हलत नाही.

बाकी गाव कुणालाही आवडेल असं आहे. जुनं कॉलेज आहे, मोठं सरकारी रुग्णालय आहे, कोर्टकचेरी आहे, बाजार तर असा की आसपासच्या शंभर खेड्यांचं लग्न इथंच उरकतं. नदीवर होड्या जोडून त्यावर फळ्या टाकलेला इंग्रजांच्या काळातला भासापूल आहे. पाहुणे आले की मी त्यांना आधी तिथं नेतो, पायाखाली पूल हलला की सगळे घाबरून हसतात. जवळच्या खडारला काशा-पितळेची भांडी होतात. विधवाविवाहाच्या कायद्यामुळं आपल्या शाळेच्या पुस्तकात ज्यांचं नाव येतं, ते ईश्वरचंद्र विद्यासागर याच महकुम्यातल्या बीरसिंहाचे. आणि क्षीरपाईचा बाबरसा! तुपात तळून वर पाक किंवा मध घालून देतात. त्याची कहाणी मला इथल्या लोकांनी डोळे मिचकावत ऐकवली होती : बर्गी गाव लुटायला आले, बाबरश नावाच्या एका साहेबानं त्यांना हुसकावलं, म्हणून हलवायानं मिठाईला त्याचं नाव दिलं. बर्गी म्हणजे आपलेच, नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार. १७४२ पासून दहा वर्षं या मुलखानं त्यांचा जाच सोसला, पोरांना झोपवतानाही इथं त्यांचीच भीती घालतात. मी पहिल्यांदा बाबरसा खाल्ला तेव्हा दुकानदार म्हणाला, घ्या, यावेळी पैसे देऊन घ्या.

अशा गावानं मला घर दिलंय. म्हणून हे लिहायचा हक्क माझा आहे असं मी समजतो.

आता यंदाचं. जूनच्या मध्यावर पहिलं पाणी आलं. ते ओसरतंय तोवर पुन्हा आलं. मग पुन्हा. श्रावणापर्यंत आम्ही मोजणं सोडून दिलं होतं. घाटालला पूर नवा नाही. खालच्या मजल्यावर कुणी कपाट भिंतीला ठोकत नाही, फ्रिज विटांच्या चवड्यावर असतो, पंखा काढायचा स्क्रू कुठल्या डब्यात आहे ते पोरालाही माहीत असतं. घरोघरी डिंगी नाहीतर ताडाच्या बुंध्याचा डोंगा असतो. पण घर एकदा आवरून वर नेणं वेगळं आणि एकाच पावसाळ्यात चार-चार वेळा चढउतार करणं वेगळं. साठीच्या बाईनं तांदळाची पिंपं किती वेळा जिन्यावरून न्यावीत?

माझ्या दुकानाचं सांगतो, कारण ते मला नेमकं ठाऊक आहे.

सोनाराच्या कारखान्यात कानस चालते, तेव्हा सोन्याची पूड उडते. ती पाटावर पडते, चटईत जाते, कारागिराच्या बोटांच्या रेषांत, कपड्यांत, जमिनीच्या फटीत जाते. म्हणून कारखान्याचा केर कधी बाहेर फेकत नाहीत. हात धुतलेलं पाणीसुद्धा पिंपात साठवतात, खाली साका बसू देतात. वर्षभराचा केर, जुनी चटई, झाडूचे तुकडे, फाटकी गंजी, असं सगळं पोत्यात भरून कारागीर माझ्याकडं आणतो. मी ते जाळतो, राख कुटतो, धुतो, उरलेलं मुशीत घालून टाकणखार टाकून भट्टीवर आटवतो, मग तेजाबात साफ करतो. शेवटी मुशीच्या तळाशी हरभऱ्याएवढा, कधी चिंचोक्याएवढा पिवळा मणी उरतो. २०२५ च्या दिवाळीच्या सुमाराला तोळ्याचा भाव सव्वा लाखाच्या घरात होता. चार कारागिरांच्या छोट्या कारखान्याला हा मणी म्हणजे दुर्गापूजेचा बोनस, पोराची फी, आईचा मोतीबिंदू.

यंदा पहिलं पाणी रात्री आलं. माझ्याकडं सात कारखान्यांची पोती होती. मी आणि मुलानं आधी तेजाबाचे कॅन वर नेले, कारण ते पाण्यात फुटले तर गल्लीचा जीव जाईल. मग मुशी, तराजू, भट्टीची मोटर. पोत्यांपर्यंत येईस्तोवर पाणी गुडघ्याला लागलं होतं आणि खालची तीन पोती फुगून उसवली होती. टॉर्चच्या उजेडात काळा केर दारातून बाहेर जाताना दिसत होता. मी उंबऱ्यावर चादर धरून बसलो. काय धरणार? चादरीत हाती लागलं ते शेण आणि जलपर्णी.

त्या तीन कारागिरांना मी माझ्या खिशातून अंदाजानं पैसे दिले. त्यांनी घ्यायला नकार दिला, मग घेतले. या धंद्यात शब्दाची किंमत असते, आणि पोती माझ्या ताब्यात होती.

पाणी उतरल्यावर मी एका कार्यालयात नुकसानीचा अर्ज घेऊन गेलो. फॉर्मात घर होतं, गुरं होती, पीक होतं, भांडी होती. मी म्हणालो, केर वाहून गेला. टेबलापलीकडच्या बाबूनं मान वर केली आणि म्हणाला, दादा, पुरात केर गेला तर चांगलंच झालं की. तो चेष्टा करत नव्हता, त्याला खरंच कळलं नव्हतं. मी समजावून सांगितल्यावर त्यानं चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, रकानाच नाही. शिवाय जागा भाड्याची. मालकाचं नाव लागेल, भाडेकरूचं नाही.

तर पहिलं गाऱ्हाणं हेच. पंचनामा घरमालकाचा आणि शेतकऱ्याचा होतो. घाटालच्या बाजारातले निम्मे हात भाड्याच्या खोलीत चालतात. कारागीर, शिंपी, घड्याळवाला, झेरॉक्सवाला. त्यांचा पूर तुमच्या कागदावर येतच नाही, म्हणून मदतीचा आकडा नेहमी खऱ्यापेक्षा लहान दिसतो. आणि आकडा लहान, म्हणून कामाची घाई नाही.

दुसरं गाऱ्हाणं माझ्याही वयापेक्षा जुनं. मानसिंह समितीनं या भागाच्या पुराचा विचार केला ते साल १९५९. शिलाईच्या काठी मंत्र्यांच्या हस्ते मास्टर प्लॅनची पायाभरणी झाली ते १९८२. तेव्हा मी गावाकडं चड्डीत फिरत होतो. मग काम थांबलं. नवा आराखडा झाला, फायली दिल्लीला गेल्या, परत आल्या. २०२२ मध्ये केंद्राकडून सुमारे १२३८ कोटींची मंजुरी झाली, पण पैसा कुणी किती घालायचा, साठ-चाळीस की काय, यावरून पुन्हा कागदांची ये-जा. २०२४ मध्ये राज्य सरकारनं सांगितलं की केंद्राची वाट न बघता आम्हीच करतो. २०२५-२६ च्या राज्याच्या अर्थसंकल्पात ५०० कोटी ठेवले, एकूण खर्च दीड हजार कोटींच्या आसपास आणि मुदत दोन वर्षं. यंत्रं आली, काम सुरू झालं. हे मी कृतज्ञतेनं लिहितो. सत्तावीस वर्षांत नदीच्या पात्रात पोकलेन मी पहिल्यांदा बघितला.

पण महोदय, प्रत्येक पावसाळ्यात एक भांडण ठरलेलं आहे, आणि ते मला घरचं वाटतं. आमच्या सांगलीत पूर आला की लोक अलमट्टीच्या नावानं बोटं मोडतात, पलीकडचे म्हणतात आमचा काय संबंध. इथं अलमट्टीच्या जागी डीव्हीसी, म्हणजे दामोदरच्या खोऱ्यातली धरणं चालवणारं दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन. राज्य म्हणतं न सांगता पाणी सोडलं, तिकडून उत्तर येतं की सांगून सोडलं. दोघांचीही कागदपत्रं असतील. मला त्या वादात पडायचं नाही. सोडलेलं पाणी रूपनारायणानं उतरायचं, तर रूपनारायण आणि शिलाईचा गाळ निघाला पाहिजे, एवढं बाजारातली मासळीवालीही सांगते. तो गाळ काढायला १९५९ पासून कुणी कुणाचा हात धरला होता?

तिसरं, कामाची रीत. मी इंजिनिअर नाही. पण भट्टीचा धूर आधी कुठून जाणार ते बघूनच भट्टी पेटवतात. घाटालजवळ पात्र खोल केलं आणि खाली रूपनारायण गाळानं भरलेलाच राहिला, तर खोल केलेल्यात पाणी उभं राहील आणि गाळ पुन्हा बसेल. खालचा निचरा आधी, मग वरचं. तुमच्या आराखड्यात असा क्रम असेल तर उत्तम. तो आम्हाला दिसत मात्र नाही, कारण कुठं किती किलोमीटर झालं ते लिहिलेली एक पाटीही शहरात नाही. काही ठिकाणी उपसलेला गाळ बांधालाच लागून ढिगानं पडला होता. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात त्यातला बराचसा घसरून पुन्हा नदीत गेला. ते मी पुलावरून डोळ्यांनी बघितलं, शेजारी उभा असलेला रिक्षावाला म्हणाला, आपला पैसा पोहायला शिकतोय.

चौथं, नदीकाठची संरक्षक भिंत. शहर वाचवायला भिंत लागणार हे मान्य. पण काठावर पिढ्यान् पिढ्यांची दुकानं आहेत, त्यांच्या पोटात गोळा आलाय. दासपूरकडं चंद्रेश्वर खाल, म्हणजे कालवा, वाढवण्यासाठी ज्यांची जमीन जाणार, तेही अस्वस्थ आहेत. या लोकांना विकासाचे शत्रू म्हणू नका. ते दरवर्षी बुडतात, त्यांना पूर हवासा वाटत नाही. त्यांना एवढंच विचारायचंय की पाडायच्या आधी जागा कुठं आणि पैसे कधी. मी टेंभू सिंचन योजनेच्या पाण्याची वाट बघत मोठा झालेल्या तालुक्यातला माणूस आहे. योजना मंजूर झाल्यापासून पाणी शिवारात येईतो माणसं म्हातारी झाली, हे आमच्याकडं घरोघरी सांगतील. त्यामुळं कालव्याला जमीन देणाऱ्याचं पोट का दुखतं, हे मला कुणी शिकवायला नको.

पाचवं, रोजच्या सोयी. पाणी चढलं की धोका नको म्हणून वीज बंद होते, ते बरोबरच. पण विजेबरोबर नळाचं पाणी जातं, मोबाईल जातो, इन्सुलिन ठेवायचा फ्रिज जातो. हातपंप बुडतात. पाण्याची पाऊचं येतात, ती मुख्य रस्त्यावर. आतल्या गल्लीतल्या म्हातारीनं ती आणायची कशी? होडीवाला सकाळी वीस रुपये घेतो, दुपारी पन्नास आणि रात्री विचारू नका. गेल्या आषाढात आमच्या गल्लीतल्या एका पोरीला कळा सुरू झाल्या. रात्रीचे अडीच. चौघांनी डोंगा ओढत मुख्य रस्त्यापर्यंत नेला, मी पुढं टॉर्च घेऊन विजेच्या तारा बघत चाललो होतो. खांबावरून लोंबणाऱ्या तारा हाताला लागतील अशा. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पोराचं नाव घरच्यांनी काहीतरी चांगलं ठेवलंय, गल्ली त्याला डोंगाच म्हणते.

रेल्वेचं एका ओळीत लिहितो. शहराला स्टेशन नाही, गाडी पकडायला बसनं पांसकुड्याला जावं लागतं, आणि रस्त्यावर पाणी आलं की तेही बंद. मागणी जुनी आहे, ती नोंदवून ठेवतो.

एक गोष्ट मात्र जरा सविस्तर सांगायची आहे, कारण तिला दीड हजार कोटी लागत नाहीत. सांगलीत पावसाळ्यात लोक एकमेकांना रामराम घालण्याआधी विचारतात, आयर्विनला किती? कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी फुटांत सांगितली जाते. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. रेडिओ, पेपर, मोबाईल, पानटपरी, सगळीकडं तोच एक आकडा. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि सगळे अंदाज फसले, हे खरं. तरी रोजच्या पुराला ही पद्धत कामाची आहे. किती फुटाला कुठली गल्ली पाण्यात जाते, हे शाळकरी पोरगंही सांगतं. मावशी सांगलीवाडीत राहते. तिचा फोन आला की ती आकडा सांगते, आणि सामान वर न्यायचं का, ते तिचं तिनं ठरवलेलं असतं.

घाटालला मोजपट्टी नाही असं नाही. खात्याकडं आकडे असणारच. पण ते आमच्या गल्लीपर्यंत आकडा म्हणून येत नाहीत, लाऊडस्पीकरवर 'सावध राहा' म्हणून येतात. सावध म्हणजे नेमकं काय करू? पोती आत्ता वर नेऊ की सकाळी? अमुक वॉर्डातल्या तमुक चौकात पहाटे चारपर्यंत दोन फूट पाणी येईल, एवढं कळलं असतं, तर त्या रात्री मी तेजाबाआधी पोती उचलली असती किंवा मदतीला दोन माणसं बोलावली असती.

आता मागण्या. शिव्या देऊन काम होत नाही हे मी गलाईच्या धंद्यात शिकलो, गिऱ्हाईकही पळतं आणि मूसही फुटते.

एक : मास्टर प्लॅनचं महिनावार वेळापत्रक बंगालीत, मोठ्या अक्षरांत, पुलाजवळ आणि बसस्टँडवर लावा. कुठल्या नदीचा, कुठल्या खालाचा गाळ कुठून कुठवर काढायचा, किती झाला, तो कुठं टाकला आणि रूपनारायणाचं काम कुठवर आलंय. दर महिन्याला तो आकडा बदला. मागं पडलं असेल तर मागं पडलं म्हणून लिहा, लोक समजून घेतात.

दोन : उपसलेला गाळ पावसाळ्याआधी बांधापासून लांब हलवा. वीटभट्ट्यांना द्या, भराव घालायला द्या, काहीही करा, पण नदीला परत देऊ नका.

तीन : भिंतीसाठी आणि खालासाठी ज्यांची दुकानं-जमीन जाणार, त्यांची यादी, पर्यायी जागा आणि मोबदला आधी जाहीर करा, मग यंत्र आणा.

चार : आराखड्यात शहरातलं पाणी उपसायला पंपघरं आहेत. त्यांना डिझेलची सोय आणि पंपघराचा जोता सगळ्यात मोठ्या पुराच्या वर असू द्या. पुरात वीज जाते हे या गावात कुणाला सांगायला लागत नाही, पण निविदेत लिहायला लागतं.

पाच : शिलाईची पातळी एका ठरलेल्या ठिकाणी फुटांत मोजून दिवसातून चारदा, आणि पाणी चढत असताना दर तासाला जाहीर करा. कुठल्या आकड्याला कुठला वॉर्ड, कुठला चौक बुडतो त्याचा तक्ता घरोघरी वाटा. वरच्या धरणातून पाणी सुटल्यावर ते घाटालला कधी पोहोचतं, तो अंदाजही त्यातच असू द्या. विजेच्या खांबांवर जुन्या पुरांच्या खुणा रंगवा, त्याला फक्त रंगाचा डबा लागतो.

सहा : पावसाळ्याचे चार महिने नगरपालिकेच्या होड्या, ठरलेले थांबे, ठरलेलं भाडं. आजारी माणूस, बाळंतीण आणि परीक्षेची पोरं यांना फुकट. रात्रपाळीला दोन होड्या रुग्णालयाच्या रस्त्यासाठी राखून.

सात : पंचनाम्यात भाडेकरू, कारागीर आणि छोट्या कारखान्यांचा रकाना घाला. सोन्याच्या केराची किंमत कशी काढायची हा प्रश्न पडला, तर मला बोलवा. पोत्याचं वजन, किती कारागीर, किती महिन्यांचा केर, यावरून कुठलाही जाणता गलाईवाला बऱ्यापैकी अदमास सांगतो. मी त्यासाठी पैसे घेणार नाही.

जाता जाता एक विनंती मुंबईतल्या आपल्या पेढीवाल्यांना, कारण हे पत्र त्यांच्याही वाचनात यावं म्हणून मराठीत आहे. जून ते सप्टेंबरात घाटाल-दासपूरचा पोरगा 'घरी पाणी आलंय' म्हणाला, तर तो बहाणा समजू नका. त्याला चार दिवस सोडा, आणि त्या चार दिवसांचं काम त्याच्या हिशेबातून कापू नका. २०२० च्या टाळेबंदीत हीच पोरं हाल सोसत गावाकडं परतली होती. बोलावल्यावर पुन्हा मुंबईला गेली, कारण इथं घाटालला पावसाळ्यात शेत पाण्याखाली असतं.

मला कुणी विचारतं, मराठीदा, तुझं काय अडलंय, दुकान उचल आणि कोरड्या गावी जा. जाता येईल. पण मामाची राख शिलाईत सोडलीय, पोरीचं लग्न इथल्याच घरात ठरतंय, आणि ज्यांची पोती वाहून गेली त्या तिघांनी दिवाळीनंतर पुन्हा माझ्याकडंच केर आणलाय. यंदा मी छताच्या तुळईला लोखंडी कडी ठोकून पोती दोरीनं वर टांगलीत. खालून बघितलं की दुकान खाटकाचं वाटतं. गिऱ्हाईक हसतं.

पुढचा पावसाळा सात महिन्यांवर आहे. मागणी क्रमांक एक, पाच आणि सात यांना यंत्र लागत नाही, जमीन लागत नाही. फाल्गुनापर्यंत त्यांचं उत्तर लेखी मिळावं. नकार असेल तर तोही लेखी चालेल.

कळावे,

आपला नम्र,
घाटाल बाजारातला एक गलाईवाला

ता.क. : बंगाली प्रतीसोबत माझ्या दुकानाच्या भिंतीचा फोटो जोडतोय. दाराच्या उजव्या बाजूला २००७ पासूनच्या पाण्याच्या खुणा मी खिळ्यानं कोरून ठेवल्यात, प्रत्येकीपुढं साल आहे. यंदाच्या खुणा चार आहेत, म्हणून २०२५ पुढं १, २, ३, ४ असे आकडे घातलेत. मोजपट्टीची सुरुवात कुठून करायची हा प्रश्न असेल, तर ही भिंत उपलब्ध आहे.